मेट्रनच्या मानेवरच्या दोन गाठी

...शुक्रवारी बघू, म्हणे! म्हणजे काय? नाही, तुम्हीच सांगा. मंगळवारी सकाळी यायचं, आमच्या एक्केचाळीस गाईंच्या मानेत दोन-दोन सुया टोचायच्या, चिमट्याने कातडीची जाडी मोजायची, बूट धुवायचे, गाडीत बसायचं, आणि एखाद्याने काचेवर टकटक करून विचारलं, की डॉक्टर, कसं काय दिसतंय, तर काच चार बोटं खाली करून म्हणायचं, ‘शुक्रवारी बघू, मॅलाकी.’ अहो बाई, शुक्रवारी तुम्ही बघाल, पण मधले तीन दिवस कोण बघणार? मी बघतो. सकाळी साडेपाचला धारा काढताना बघतो, संध्याकाळी साडेपाचला बघतो, आणि मध्ये काहीतरी निमित्त काढून पुन्हा बघतो.

आता तुम्हाला सांगतो, इकडे आयर्लंडात, आमच्या कॅव्हनमध्ये, टीबीची टेस्ट म्हणजे काही आक्रीत नाही, दर वर्षी प्रत्येकाच्या गोठ्यात होते. आणि व्हायलाच हवी, तक्रार त्याची नाही. गाईचा टीबी माणसाला होतो, ही चेष्टा नाही. आमच्या आईचा धाकटा भाऊ सातव्या वर्षी गेला तो ह्याच दुधापायी, पाठीला कुबड येऊन. तेव्हापासून आमच्या घरात दूध उकळल्याशिवाय मांजरालासुद्धा मिळत नाही. तर टेस्ट हवी. पण टेस्टची रीत बघा. गाईच्या मानेवरचे केस दोन ठिकाणी भादरायचे, एक वर, एक खाली. एका जागी पाखरांच्या टीबीचा अर्क टोचायचा, दुसऱ्या जागी गाईच्या टीबीचा. त्या जंतूशी अंगाची आधीची ओळख असली, की अंग चवताळतं आणि तिथे गाठ येते. तीन दिवसांनी मोजायचं. गाईच्या जागेची गाठ जास्त मोठी निघाली, की गाय गेली, थेट कत्तलखान्यात. पाखरांच्या जागेची मोठी निघाली, की गाय वाचली, कारण ती कुठेतरी कावळ्या-कबुतरांचं काहीबाही चाटून आली असणार, त्याला कुणी विचारत नाही. इतकं सोपं आहे. आता कुठली जागा कुणाची, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणजे... येतो मी तिकडे, येतो.

आधी मेट्रन. मेट्रन ही आमची गाय. काळी-पांढरी, ढुंगणावर आयर्लंडच्या नकाशासारखा डाग, फक्त वरचा कोपरा पुसलेला. नाव ठेवलं माझ्या थोरल्या बहिणीने, कन्सेप्टाने. ती बत्तीस वर्षं इंग्लंडात मँचेस्टरला नर्स होती, तेव्हा तिला जगात कुणाचा धाक वाटला असेल तर तो मेट्रनचा, म्हणजे हॉस्पिटलातल्या मुख्य नर्सबाईचा, आणि ही वासरू असल्यापासून तशीच बघायची, म्हणजे तुम्ही चादर नीट घडी केली नाहीत, असं. तर कन्सेप्टा चार वर्षांपूर्वी आईच्या मयताला आली ती परत गेली नाही. घर आईने दोघांच्या नावावर ठेवलं होतं, ती तिच्या अर्ध्यात राहिली. आणि माझ्याशी बोलायची थांबली.

का, म्हणाल तर सांगतो, माझंच चुकलं. आईला पहाटे चारला धाप लागली. मी कन्सेप्टाला फोन करायला हवा होता, पहिलं विमान सातचं होतं, ते तिला मिळालं असतं. पण मी काय केलं? मी म्हटलं, आधी धारा काढू. आईच म्हणाली हो, ‘गाई तटल्यात रे, जा.’ मी गेलो. धारा काढल्या, मशीन धुतलं, मग फोन केला. कन्सेप्टा आली तेव्हा आई गेली होती. अर्ध्या तासाने चुकली. मयतानंतर स्वयंपाकघरात तिने मला एकच विचारलं, ‘तू आधी धारा काढल्यास?’ मी म्हटलं, ‘हो.’ झालं. त्यानंतर चार वर्षं तिने माझ्याकडे तोंड करून एक शब्द उच्चारला नाही.

पण एका घरात राहायचं, एक गोठा सांभाळायचा, तर बोलावं लागतंच ना? त्याच आठवड्यात ही मेट्रन जन्मली. सातव्या महिन्यात पडलेलं वासरू, जगेल असं वाटत नव्हतं. कन्सेप्टाने तिला चुलीपाशी पोत्यावर ठेवलं, बाटलीने पाजलं. आणि तिच्याकडे बघून म्हणाली, ‘त्या माणसाला सांग, दूध गरम झालंय, आटवू नकोस म्हणावं.’ त्या माणसाला, म्हणजे मला. मी तीन हातांवर उभा. मी काय करणार? मी वासराला म्हटलं, ‘बाईसाहेबांना सांग, उतरवलं.’ बस. तीच रीत पडली. चार वर्षं आमच्या घराचा सगळा कारभार मेट्रनमार्फत चालला. ‘मेट्रन, त्याला सांग, छपराचा पत्रा उचकटलाय.’ ‘मेट्रन, बाईसाहेबांना सांग, रविवारी बसतो छपरावर.’ ‘मेट्रन, त्याला सांग, रविवारी माणसं प्रार्थनेला जातात.’ मेट्रन मध्ये रवंथ करत उभी. तिने कधी कुणाची बाजू घेतली नाही. तुम्ही हसाल, पण मी असे संसार पाहिलेत जिथे मध्ये गायसुद्धा नाही.

तर मंगळवारी टेस्ट झाली. आमच्यात कामाची वाटणी ठरलेली. मी गाय खोड्यात घालणार, मागचा गज अडकवणार, कानातल्या बिल्ल्यावरचा नंबर ओरडणार. डॉक्टरीणबाई, ऑर्ला त्यांचं नाव, सव्वीस वर्षांची पोर, हात मात्र लोहारासारखा, त्या कातडी मिलिमीटरमध्ये मोजणार आणि टोचणार. आणि लिहायचं काम कन्सेप्टाचं. ‘वर सात, खाली सात.’ ‘वर आठ, खाली सात.’ त्या ओरडतात, ही लिहिते. मी गाईच्या दुसऱ्या टोकाला. बावीस वर्षं मी गाईच्या दुसऱ्या टोकालाच आहे, तिथून जे दिसतं त्यात टीबीची माहिती फार नसते. आणि आमच्या गोठ्यात बावीस वर्षांत एकही गाय गेली नाही, तेव्हा वर काय नि खाली काय, विचारायची वेळच आली नाही. वडील म्हणायचे, एक कोंबड्यांची, एक गाईची. मी माझ्या डोक्याने ताडलं. कोंबडी कुठे असते? जमिनीवर. गाय कुठे असते? कोंबडीच्या वर. म्हणजे खालची जागा कोंबडीची, वरची गाईची. आता ह्यात चूक काय आहे ते सांगा मला. लहान पोराला विचारलंत तरी तो हेच सांगेल.

बुधवारी सकाळी धारा काढताना मी अंगठ्याने एकेकीची मान चाचपत चाललो. सगळे तेच करतात, कबूल कुणी करत नाही. पहिली, सपाट. दुसरी, सपाट. एकवीस गाई सपाट. बाविसावी मेट्रन. अंगठा फिरवला. खाली वाटाण्याएवढी. आणि वर? वर चांगली अक्रोडाएवढी!

आता विचारायचं कुणाला? ऑर्लाबाईंना फोन केला असता तर काय ऐकू आलं असतं ते मला पाठ होतं, शुक्रवारी बघू. फिंटनला विचारावं? फिंटन आमचा शेजारी, त्याचा गोठा टीबीपायी दोनदा बंद झालाय, म्हणजे जनावर विकायचं नाही की आणायचं नाही, म्हणून तो पंचक्रोशीतला पंडित. पण त्याला विचारलं की मॅलाकीच्या गोठ्यात गाठ आहे, हे दूध न्यायला येणाऱ्या ड्रायव्हरला माझ्याआधी माहीत. तरी फिंटन आलाच. आत नाही आला. टेस्ट आणि निकालाच्या मध्ये आमच्याकडे कुणी कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नाही, रस्त्यावर उभं राहून, फाटकाला हात न लावता बोलतात. ‘आत येत नाही हं मॅलाकी, गैरसमज नको.’ ‘नाही रे, कसला गैरसमज.’ ‘काही लागलं का हाताला?’ ‘मी हात लावतच नाही.’ ‘बरोबर, मीही लावत नाही. तरी पण, लागलं का?’ ‘शुक्रवारी बघू.’ हे मी म्हणालो! माझ्या तोंडून निघालं! म्हणजे हा रोग गाईपेक्षा माणसात लवकर पसरतो. मग त्याने बिज्जूंचा विषय काढला. आमच्याकडे टीबीचं नाव निघालं की प्रत्येक जण बिज्जूंना शिव्या देतो, बिळात राहून रात्रीचे कुरणात येतात आणि सगळं तेच करतात. बिज्जू आपसांत काय म्हणत असतील देव जाणे.

राहिली कन्सेप्टा. ती एका वाक्यात सांगू शकली असती. पण तिला विचारायचं म्हणजे मेट्रनला मध्ये उभं करून, मेट्रनच्याच तोंडून विचारायचं, की बाई, माझ्या मानेवरची कुठली गाठ वाईट? आणि मग तिला कळणार, की गाठ आहे. ती तर बिचारी मजेत होती! बुधवारी संध्याकाळी आली, मेट्रनच्या मानेवरून हात फिरवला, कसलंतरी जुनं गाणं गुणगुणली आणि म्हणाली, ‘तू कुठे जात नाहीस हं, मेट्रन.’ मला गलबलून आलं. म्हटलं, हिला काहीच पत्ता नाही. आई गेली तेव्हाही हिला पत्ता नव्हता. आता पुन्हा हिच्या अंगावर असंच काहीतरी कोसळणार, आणि पुन्हा मला ते आधीपासून माहीत असणार. नाही म्हटलं. ह्या वेळी नाही. ह्या वेळी मी काहीतरी करणार.

आणि केलं. मी काहीच केलं नसतं, तर आज मी तुमच्यासमोर हे तोंड घेऊन उभा नसतो. हिशेब सोपा होता, वरची गाठ उतरवायची, खालची चढवायची. वरच्या गाठीला गार. फ्रीझरमध्ये मटारची पिशवी होती, ती मी माझ्या रविवारच्या टायने मेट्रनच्या मानेवर बांधली. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. आणि खालच्या गाठीला आग्याचा पाला. तोच, कुंपणाखाली माजतो तो, हाताला लागला की तासभर नाचवतो. हातमोजे घालायचे हे मला दुसऱ्या दिवशी सुचलं, तोवर उजवा हात बटाट्यांच्या पोत्यासारखा झाला होता. मेट्रनने काय करावं? उभी राहिली. मी मानेवर मटार बांधतोय, पाला चोळतोय, आणि ती माझ्याकडे बघतेय, तुझी चादर आज अगदीच वेडीवाकडी आहे, अशी.

गुरुवारी संध्याकाळी कन्सेप्टा अचानक गोठ्यात. मी मटारची पिशवी ओढली आणि कोटाच्या आत, छातीशी. ‘मेट्रन, त्या माणसाला विचार, फ्रीझरमधले मटार कुठे गेले.’ ‘मेट्रन, बाईसाहेबांना सांग, मी खाल्ले.’ ‘मेट्रन, विचार त्याला, शिजवून?’ आता पातेलं तर एकही खरकटं नव्हतं, काय सांगणार? ‘मेट्रन, सांग, तसेच.’ मग म्हणाली, ‘मेट्रन, त्याला सांग, थरथरतोय. आजारी असला तर झोप म्हणावं. काळजीचं काही कारण नाहीये.’ तुम्हाला सांगतो, चार वर्षांत तिने माझी विचारपूस करायची ती पहिली वेळ, आणि माझ्या छातीशी सव्वा किलो गोठलेले मटार.

शुक्रवारी सकाळी चाचपलं. वरची जवळजवळ सपाट, खालची टरारून अक्रोडाएवढी. मी देवासमोर मेणबत्ती लावली. दाढी केली. दूध न्यायला ड्रायव्हर आला, त्याने गाडीतूनच विचारलं, ‘काय अंदाज?’ मी म्हटलं, ‘शुक्रवारी बघू.’ तो म्हणाला, ‘आज शुक्रवारच आहे.’ म्हटलं, ‘म्हणून तर.’ इतका मी खुशीत.

ऑर्लाबाई आल्या. गाई एकामागून एक खोड्यात. पहिली, काही नाही. पाचवी, काही नाही. वीस झाल्या, एकवीस झाल्या. मग मेट्रन. मी नंबर ओरडलो, गाणं म्हणावं तसा. ऑर्लाबाईंनी मानेवर हात ठेवला आणि त्यांचा हात थांबला. चिमटा लावला. काढला. पुन्हा लावला. आणि हळू आवाजात म्हणाल्या, ‘मंगळवारच्यापेक्षा वर दोन जास्त. खाली अकरा जास्त.’

आणि मी हसलो.

हो, हसलो! दात दाखवून हसलो. खाली अकरा! मी तर सहा धरले होते! मी गाईच्या पाठीवरून वाकून कन्सेप्टाकडे बघितलं, आणि बावळटासारखा अंगठासुद्धा वर केला, तो सुजलेला. कन्सेप्टाचं पेन कागदावर टेकलेलं तसंच. ती माझ्याकडे बघत होती. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत. आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आईच्या मयतालासुद्धा पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, हिला झालं काय? ऑर्लाबाई म्हणाल्या, ‘सॉरी, मॅलाकी. ही गेली.’ मी म्हटलं, ‘कुठे गेली?’

उरलेल्या एकोणीस गाई कशा झाल्या मला आठवत नाही. सगळ्या ठीक निघाल्या. कन्सेप्टाने कागद ठेवला आणि घरात गेली. ऑर्लाबाई फाटकाशी बादलीत बूट धूत होत्या, मी मागे गेलो. ‘डॉक्टर, खालची कोंबड्यांची ना?’ त्या म्हणाल्या, ‘नाही. वरची पाखरांची, खालची गाईची. सगळीकडे तसंच.’ मी म्हटलं, ‘पण कोंबडी जमिनीवर असते.’ त्या म्हणाल्या, ‘काय?’ मी खिशातला हात काढून दाखवला. हातावर फोड, आणि आग्याचा हिरवा डाग. म्हटलं, ‘त्या अकरातले काही माझे आहेत. आणि वरचे गेले ते मटारांनी.’

ती पोर बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग बूट धुवायला लागली. खाली बघूनच म्हणाली, ‘मॅलाकी, हे मी ऐकलेलं नाही. ऐकलं तर मला लिहावं लागेल, की टेस्टमध्ये ढवळाढवळ केली. मग गाय तर जातेच, वर तुमच्यावर खटला होतो.’ मी म्हटलं, ‘होऊ दे खटला. तिची रक्ताची टेस्ट करा, त्यात तर पाला चालत नाही ना?’ त्या म्हणाल्या, ‘रक्त बाकीच्या गाईंचं तपासू. त्यांच्या रक्ताला प्रयोगशाळेत तोच अर्क दाखवतात आणि रक्त चवताळतं का बघतात. जी मानेवर धरली गेली, तिचं नाही. ती जाते.’ मी म्हटलं, ‘एवढंच सांगा, हे माझ्या पाल्याने झालं का?’ त्या म्हणाल्या, ‘पाल्याने एवढं होईल असं मला वाटत नाही. पण आग्या आणि मटार ह्यांचा कुणी अभ्यास केलेला नाही.’ आणि गाडीत बसल्या. माझ्या तोंडावर आलं होतं, शुक्रवारी बघू. पण शुक्रवार तर झाला होता.

गोठा बंद झाला. फाटकावर कागद लागला. फिंटन आता रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने जायला लागला, तोंडाने मात्र ‘धीर धर’ म्हणायचा, ओरडून, म्हणजे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही कळलं. मेट्रनला मागच्या शेडमध्ये एकटीला ठेवलं, बुधवारी लॉरी येणार होती. कन्सेप्टा रोज तिथे जाऊन बसायची, पण निरोप एकही नाही. पाच दिवस मेट्रनकडून मला काहीही सांगण्यात आलं नाही. कारण उघड होतं, तिची समजूत झाली होती, मला आनंद झाला. ती खाली अकरा लिहीत होती आणि मी अंगठा दाखवत होतो. आणि माझी सफाई मला द्यायची होती ती जिच्यामार्फत, ती मागच्या शेडमध्ये लॉरीची वाट बघत उभी.

मंगळवारी संध्याकाळी मी गेलो. कन्सेप्टा बाहेर होती, बादलीचा आवाज आला, मग थांबला, म्हणजे दाराशीच उभी राहिली असणार. मी मेट्रनला सगळं सांगितलं. म्हटलं, ‘मेट्रन, बाईसाहेबांना सांग, मी हसलो ते आनंदाने नाही. म्हणजे आनंदानेच, पण तू वाचलीस म्हणून. सांग तिला, मटार मी खाल्ले नाहीत. मला वाटलं, ह्या वेळी आपण वेळेवर काहीतरी करावं. आईच्या वेळी केलं नाही. सांग तिला, आईने जा म्हटलं तरी मी जायला नको होतं. फोन आधी करायला हवा होता. धारा काय, गाई तासभर उशिराने मरत नाहीत.’ हे चार वर्षं माझ्या घशात अडकलं होतं, आणि निघालं ते अशा गाईपुढे, जिच्याकडे निरोप पोचवायला एक रात्र उरली होती. मेट्रनने माझा सुजलेला हात चाटला. मग बाहेर बादली उचलल्याचा आवाज आला आणि पावलं घराकडे गेली.

बुधवारी लॉरी आली. दावं कन्सेप्टानेच धरलं. मेट्रन फळीवरून चढली, न अडता, वॉर्डाची फेरी घ्यावी तशी. मी रडलो. त्यात लाज कसली?

पुढे तर तुम्हाला सांगतो, घरात चिडीचूप. आधी निदान गाईशी बोलणं व्हायचं. मी बत्तीस नंबरच्या गाईवर प्रयोग करून बघितला. म्हटलं, ‘बाईसाहेबांना सांग, वीज खात्याचा माणूस येऊन गेला.’ तिने लाथ मारली. कुत्र्याला सांगून बघितलं, तो निरोप अर्धा ऐकून सशामागे पळाला. कन्सेप्टा काही बघायचीच नाही. बाकीच्या गाईंचं रक्त तपासून आलं, सगळ्या स्वच्छ. चाळीसच्या चाळीस. चांगली बातमी, पण ती वाटायची कुणाशी? मी ती मशीनला सांगितली.

आणि दहाव्या दिवशी पत्र आलं. कत्तलखान्यातून आलेल्या निकालाचं. ऑर्लाबाईंनी आधी फोनवर सांगितलंच होतं, की मेट्रनच्या अंगात, फुप्फुसात, कुठेही डोळ्यांना दिसण्याजोगं काही सापडलं नाही. मी विचारलं, ‘म्हणजे तिला टीबी नव्हता?’ ‘असा त्याचा अर्थ होत नाही.’ ‘म्हणजे होता?’ ‘असाही होत नाही, मॅलाकी. सुरुवातीला काही दिसत नाही कधीकधी.’ म्हणजे आता शुक्रवारीसुद्धा कुणी बघणार नाही. हे आता कधीच कळणार नाही. मी मारली, का ती मरायचीच होती, हे मी आता जन्मभर अंगठ्याने चाचपत बसायचं.

ते पत्र मी टेबलावर ठेवलं. दुपारची चारची वेळ, बाहेर पाऊस. कन्सेप्टाने वाचलं. पुन्हा वाचलं. घडी केली, कोपऱ्याला कोपरा लावून. आणि मेट्रन ज्या बाजूच्या खिडकीतून दिसायची, तिकडे तोंड करून ती काहीतरी बोलायला गेली. थांबली. खिडकीत कुणी नव्हतं. मग तिने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

म्हणाली, ‘मॅलाकी, खालची गाईची असते.’

चार वर्षांनी माझं नाव. मी म्हटलं, ‘कळलं मला.’

‘बुधवारी मी चाचपलं होतं. वरची मोठी होती. सुटली होती ती.’

आता माझ्या डोक्यात सगळं उजाडलं. ते गाणं, ते ‘तू कुठे जात नाहीस’, ते ‘काळजीचं काही कारण नाही’. तिला सगळं माहीत होतं. मलाच काही माहीत नव्हतं. ती मला धीर देत होती आणि मी मटार लपवत होतो. मला खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना.

ती म्हणाली, ‘मला विचारायचंस.’

मी म्हटलं, ‘कुणामार्फत?’

पाऊस पडत होता तो पडत राहिला. मग ती उठली. चार वर्षं आम्ही आपापला चहा आपापला करून पितो, आपापल्या टोकाला. तिने दोन कप काढले. एक माझ्यासमोर ठेवला. चमचा हातात घेऊन उभी राहिली, आणि माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘साखर किती?’

आता बघा, डॉक्टरांनी माझी साखर बंद केलीय, दोन वर्षं झाली. ही गोष्ट तिला माहीत नाही, ही काय गाईकरवी कळवायची गोष्ट आहे? पण ती चमचा धरून उभी. चार वर्षांनी एक प्रश्न सरळ मला विचारलेला. त्याला नाही कसं म्हणायचं?

म्हटलं, ‘दोन.’